रिकाम्या रांजणाशी गप्पा

रिकाम्या रांजणात तोंड घालून बोललं की आपलाच आवाज भरदार होऊन परत येतो, आणि त्याला जुन्या पाण्याचा, मातीचा गार वास असतो... बहात्तरच्या दुष्काळात मी त्या वासातच दुसरी भाषा शिकले, बघा.

लासूरकडचं माळरान करपलं, मेंढरं विकली, आणि आम्ही औरंगाबादेत एका गल्लीत खोली घेऊन राहिलो. वडील बांधकामावर जात. पाण्यासाठी एक तर दुपारभर टँकरची रांग, नाहीतर समोरच्या खालांच्या अंगणातला आड. खाला एकट्या राहत, दखनी उर्दूच बोलत; आम्हाला ती येत नसे. दारावर गोणपाटाचा पडदा – त्यातून हातवारे दिसायचे नाहीत, बोलूनच मागावं लागे. आतून "कौन है?" आलं की आई पदर सावरून, रिकामी घागर घेऊन माघारी फिरायची.

मग मी रांजणाला धरलं. गल्लीत कानावर पडेल ते त्यात बोलायचं, आणि खाला होऊन आपणच उत्तर द्यायचं. एके सकाळी धीर करून पडद्यापुढं उभी राहिले.

"खाला, दो हंडे पाणी पाहिजे होना."

त्यांच्या बोलीत 'होना' म्हणजेच पाहिजे; आत हसू फुटलं. "पाहिजे बी बोलरी, होना बी बोलरी. आ जा, अंदर आ."

मी पाणी शेंदायची, त्या विचारत राहायच्या – आज सालन, म्हणजे कालवण, काय, भाऊ कितवीत... चुकले तर रागवत नसत. तेच वाक्य नीट करून म्हणत, आणि मी दोर ओढता ओढता ते घोळवत राही.

तशात मला गोवर निघाला. आता पाणी कोण आणणार, या काळजीनं मी अंथरुणात रडवेली झाले. तेवढ्यात चुलीपाशी भाकरीच्या थापांबरोबर आईचा हलका आवाज ऐकू आला... "खाला... पोरीकू... ताप आया हाय." पुन्हा थाप, पुन्हा तेच. मग तिनं हात धुतले, घागर उचलली आणि गेली.

ऊन पार उंबऱ्यावर आलं तेव्हा भरली घागर घेऊन परतली.

"लई येळ लावलास गं आई."

"व्हय. लई बोलतात बया त्या."

"आन् तू?"

"मी काय मुकी हाय व्हय?"

पुढं शहर वाढलं, गल्लीत नळ आले, आडावर झाकण पडलं. तरी आई रोज कामं उरकून, मोकळ्या हातानं खालांकडं जायचीच.

आता दोघीही नाहीत. पुंडलिकनगरातल्या या घरात दुपारी मेथी निवडताना मी त्या दोघींच्या वाटचं बोलत बसते. खालांचं अगदी त्यांच्यासारखं... आईचं मात्र, बरोबर शब्द ठाऊक असूनही, तिच्या चुकांसकट.