अण्णांची पाण्याची बाटली

मंगळवारी भर दुपारी औरंगपुऱ्यात माझी गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, मागून रिक्षावाल्यांचे हॉर्न, आणि माझ्या हातात मोबाईल... त्यात अ‍ॅप उघडलेलं!

आधी त्या अ‍ॅपबद्दल सांगतो. दोन महिन्यांपूर्वी मी ऑनलाइन एक छोटा स्कॅनर मागवला. गाडीला लावला की चेक इंजिनचा दिवा का लागला, त्याचा कोड मोबाईलवर दिसतो. ऑफिसात दोघांच्या गाड्या तपासून दिल्यावर तर मी स्वतःला अर्धा मेकॅनिकच समजायला लागलो होतो.

माझ्या गाडीचा कोड म्हणत होता, इंजिन जास्त तापतंय. पण तापमानाचा काटा व्यवस्थित मधोमध. म्हणजे सेन्सर खराब, असा निकाल मी लावला आणि नवा सेन्सर बसवून घेतला. कोड पुन्हा आला. मी तो मोबाईलवरून डिलीट केला... पुन्हा आला, पुन्हा डिलीट.

मग माझा संशय अण्णांवर गेला. अण्णा म्हणजे माझे वडील. कन्नड ते देवगाव रंगारी काळी-पिवळी जीप चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता आठवड्यातून तीनदा आईला गुडघ्यांच्या व्यायामाला घेऊन जातात, तेवढंच त्यांचं ड्रायव्हिंग. मला वाटलं, क्लच अर्धा दाबून चालवून हेच गाडी तापवतात.

खरं तर ते एकदा म्हणाले होते, "गाडी पाणी पिती रं. बघून घे एकदा." मी हसून म्हणालो, "अण्णा, आजकालच्या गाड्यांना रोज पाणी लागत नाही."

शुक्रवारी मी खिळ्यावरची गाडीची किल्ली काढून माझ्या बॅगेत टाकली. सोमवारी अण्णा आईला रिक्षाने घेऊन गेले. मला तेव्हा फार वाईट वाटलं नाही, हे लिहिताना आता लाज वाटते.

तर मंगळवारी गाडी ओढून सलीमभाईंच्या गॅरेजला नेली. फोनवर कळताच अण्णाही घरून रिक्षा करून आले. सलीमभाईंनी स्कॅनर बाजूला ठेवला, गाडी थंड होऊ दिली आणि टॉर्च लावून खाली वाकले. होजपाइपचा क्लॅम्प सैल झाला होता. तिथून इंजिन थंड ठेवणारं कूलंट थेंब थेंब महिनोन्महिने गळत होतं.

"साहेब, कोड खोटा नव्हता. तुम्हीच त्याला गप करत होते," ते म्हणाले. मग कूलंटच्या टाकीत बोट घालून त्यांनी विचारलं, "ह्याच्यात तर नुसतं पाणी आहे. टाकत कोण होतं? रोज कोणी टाकलं नसतं तर इंजन कधीच बसलं असतं."

अण्णा हळूच म्हणाले, "मीच. सकाळी, गाडी गार असताना. चार दिवस झाले, किल्लीच नाय म्हणल्यावर बॉनेट कसं उघडणार?"

आमच्या कॉलनीत अजून पाइपलाइन आलेली नाही. यंदा बोअरही आटलं. टँकरचं पाणी खारं, म्हणून प्यायला विकतचे जार... आणि ते पाणी घरात सगळेच मोजून पितात. अण्णा रोज आपल्या वाट्याच्या पाण्यातली एक बाटली गाडीसाठी बाजूला ठेवायचे. "खारं पाणी इंजनला लई वाईट," एवढंच म्हणाले.

सलीमभाईंनी क्लॅम्प बदलला, नवीन कूलंट भरलं. इंजिन वाचलं. घरी येऊन मी किल्ली परत खिळ्याला लावली आणि अण्णांची माफी मागितली. ते नुसते हं म्हणाले.

आज सकाळी हाक आली. बाहेर गेलो तर अण्णा गाडीपाशी उभे, हातात फडकं.

"काय म्हणती मोबाईलवर गाडी?"

"काही नाही, अण्णा. सगळं ओके."

"बरं. मग आता बॉनेट उघड."

मी उघडलं. दोघांनी मिळून ऑइल-पाणी बघितलं. दोन महिने मी रोज गाडीला विचारत होतो, काय झालं म्हणून... अण्णांना एकदा विचारायचं मात्र सुचलं नाही.