मधल्या फळीतला खो

त्या शनिवारी आम्ही हरलो होतो, आणि चांगलेच हरलो होतो.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही म्युनिकच्या बाहेर उंटरश्लाइसहाइमला राहायचो. नवरा आठवडाभर गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करायचा आणि शनिवारी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा. लांबट चेंडू, तो पायानेही मारायचा आणि मुठीने ठोसून साथीदाराकडेही द्यायचा, दोन्ही टोकांना चार-चार खांब. जर्मनीत या खेळाला माणसं जमायची मारामार, म्हणून आमच्याकडे संघात नऊच जण असत.

नवऱ्याने दोन वर्षं मागच्या कोपऱ्यात उभं राहून काढली होती. आता कुठे त्याला मधल्या फळीत घेतलं होतं. हा त्याचा तिथला पहिला सामना. आदल्या आठवड्यात तो स्वयंपाकघरातही चेंडू ठोसत फिरत होता, त्यात माझी लोणच्याची बरणी गेली. मी काचा उचलल्या आणि त्याला खेळू दिलं. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना यात काय ते कळेल.

आमच्या संघाची एक रीत होती. सामना संपला की खेळाडू आंघोळीला जात आणि आम्ही पाठीराखे शेजारच्या बिअरगार्टनमध्ये बसून सामन्याची चिरफाड सुरू करत असू. प्रशिक्षक म्हणजे जर्मन बायकोपायी इथेच राहिलेला एक म्हातारा ऑस्ट्रेलियन. तो गप्प बसून सगळ्यांचं ऐकायचा आणि पुढच्या सामन्यात कोण कुठे खेळणार ते तिथेच ठरवायचा. पुढचा शनिवार मोसमातला शेवटचा होता.

सुरुवात माझ्या ऑफिसातल्या जर्मन मैत्रिणीने केली. ती या संघाची माझ्याहून कट्टर चाहती, आणि तिला आडपडदा माहीत नाही.

"आल्झो, आज आपली मधली फळी होती कुठे?" ती म्हणाली. "तुझा नवरा चेंडू देतो आणि उभा राहतो. चेंडू दिला की पुढे पळायचं असतं."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला पुन्हा मागच्या कोपऱ्यात ठेवावं लागेल, असं तो हळूच म्हणाला.

मला राग आला, पण तिचा नाही. ती बोलली ते मला पटलं होतं. सामनाभर रेषेवरून "पळ की रे, पळ" असं मीच ओरडत होते. घरी गेल्यावर त्याची कशी हजेरी घ्यायची, याची वाक्यंसुद्धा तयार होती.

मैत्रीण पडली जर्मन. नुसतं बोलून तिचं समाधान होईना. तिने ग्लासाखालचे नऊ पुठ्ठे गोळा करून टेबलावर आपला संघ मांडला आणि एकेक चाल दाखवायला लागली. हा पुठ्ठा जागा सोडून पुढे आला, तुझ्या नवऱ्याने त्याला चेंडू दिला, आणि स्वतः इथे येऊन थांबला. मग दुसरी चाल. पुन्हा तसंच. तिसरी चाल पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो वाटेल तिथे थांबत नव्हता. ज्याला चेंडू दिला, तो ज्या जागेवरून उठून गेला, बरोबर त्याच जागेवर जाऊन थांबत होता.

हा गडी खो-खो खेळत होता! खो दिला की उठलेल्याच्या जागी बसायचं, पाटी मोकळी सोडायची नाही. शाळेत मीही सात वर्षं खेळले, आणि नवरा तर जिल्ह्याकडून खेळलेला. डोकं विसरलं असेल, पाय विसरले नव्हते.

मी पुठ्ठे माझ्याकडे ओढले आणि मैत्रिणीला विचारलं, आपल्या हातून चेंडू गेला की समोरचे आधी मधूनच चढाई करायचे, तेव्हा त्यांना अडवायला मध्ये कोण होतं? ती प्रामाणिक बाई. तिने विचार केला आणि म्हणाली, तोच. मग आपल्यावर गोल कुठून झाले? ती बोटांवर मोजायला लागली. सगळे दोन्ही कडांनी, जिथे आपले बाकीचे गडी जागा सोडून चेंडूमागे धावले होते.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "मधून एकही नाही."

हरलेल्या सामन्यानंतर इतका आनंद कुणाला झाला नसेल. मी चक्क टेबलावर थाप मारली आणि दोघांना खो-खो समजावून सांगितला. म्हाताऱ्याने एक-दोन पुठ्ठे स्वतः सरकवून पाहिले. ही सवय बाकीच्या आठ जणांना लागेल का, असं त्याने विचारलं. आमच्याकडे दहा वर्षांच्या मुलींना लागते, मी म्हटलं.

तेवढ्यात नवरा आला. ओले केस, खांद्यावर बॅग, चेहरा उतरलेला.

"काढलं ना मला?" तो मराठीत म्हणाला. "चल, एस-बानची लोकल गाठू."

म्हाताऱ्याने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "मंगळवारी सरावाला लवकर ये. तू मधेच खेळणार आहेस, आणि बाकीच्यांना शिकवणार आहेस."

काय शिकवणार, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. मी पुठ्ठे हलवून दाखवलं तेव्हा तो खो खो हसला. मग एकदम थांबला.

"मग तू पळ पळ काय ओरडत होतीस? सामनाभर मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं."

"चुकलं माझं," मी म्हटलं, सगळ्यांसमोर.

पुढच्या शनिवारी नऊच्या नऊ जण एकमेकांच्या जागा भरत खेळले. माझी मैत्रीण रेषेवरून "खो, खो" करत नाचत होती आणि समोरच्या संघाला कशाचा काही पत्ता लागत नव्हता. आम्ही तो सामना जिंकलो. मी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शब्द ओरडत होते, थांब. आणि तो थांबत होता.