बंद केल्यावरही मिणमिणणारा बल्ब

नवऱ्याचा हात होल्डरला चिकटला होता आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. लोखंडी स्टुलावर उभा, पाय ओले, कारण नुकतीच तिथे नातीला आंघोळ घातली होती. बटण बंद होतं. मीच बंद केलं होतं. म्हणून आधी वाटलं, मस्करी करतोय. मग त्याचे आवळलेले दात दिसले.

दोरीवरचे कपडे काढायची वेळूची काठी कोपऱ्यात होती. ती त्याच्या मनगटावर घातली. सुटला नाही. पुन्हा घातली, सगळा जोर लावून. तो स्टुलासकट खाली आला आणि हलेना. मी ओटीवर धावले, मेन पाडला. बाजूच्या खोलीतून येणारा उजेडही गेला, खोलीत काळोख. काळोखात सून पोरीला छातीशी धरून सासऱ्यासाठी ओरडत होती, "आई, मामा बोलत नायत! मामा बोलत नायत!"

हे सगळं एका बल्बपायी.

नात घरी आणली तेव्हा नर्सबाईंनी बजावलं होतं, रंगावर लक्ष ठेवा, पिवळी पडली तर लगेच घेऊन या. आमच्या बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नाही. तिथला जुना बल्ब असा पिवळा, की त्याखाली घरातले सगळेच काविळीचे दिसत. मला झोप लागेना. एलईडी तेव्हा नवीनच आले होते. पनवेलला जाऊन एक पांढरा घेऊन आले.

तो बटण बंद केलं तरी पुरता विझेना. काजव्याएवढा मिणमिणत राही. नवरा म्हणाला, "खराब दिलाय तुला. परत कर."

मोठी जाऊ पोर बघायला आली होती. ती म्हणाली, "राहू द्या भावजी. सटवीची पूजा होईपर्यंत काळोख नको खोलीत. आपसूक दिवा लागून राहतंय, बरं हाय की!"

सगळ्यांना पटलं. मलाही. फुकटचा दिवा कोणाला नको?

मग जावेने पोरीकडे वाकून पाहिलं. "पन गो, बाजारात शिला बांगडा बी पांढऱ्या लाइटीखाली ताजा दिसतंय. या उजेडात पोर पिवली कशी कललं तुला?"

खरं होतं. पोर निळसर दिसत होती, बर्फातून काढल्यासारखी. आता मला काहीच कळेना. पोर दूध कमी पीत होती, सारखी झोपत होती. पुन्हा दुकानात गेले.

"पांढरा नको, पिवळा नको. पोरीचा रंग खरा दिसेल असा मधला द्या."

दुकानदार हसला. "आजी, पोरीचा रंग बघायला बल्ब कशाला? दारात उन्हात न्या."

"बाराव्याला बारसं झाल्याशिवाय आमच्यात पोर उंबऱ्याबाहेर काढत नाहीत."

"मग घ्या मधला," म्हणाला.

तो मधला बल्ब लावताना होल्डरची पिन आत दबलेली निघाली. नवऱ्याने ती बोटाने वर ओढली. बटण बंद, म्हणजे वीज बंद, असं आम्ही जन्मभर धरून चाललेलो.

काळोखात मी त्याच्या नाकापुढे हात धरला. श्वास लागला हाताला. मग त्याने मला शिवी दिली. "हात मोडलास माझा!" तेव्हा मी खाली बसले.

बसून चालणार नव्हतं. खोलीत काही दिसत नव्हतं. सुनेला म्हटलं, चल ओटीवर. ती उंबऱ्याशी थांबली. "आई, बारावं?"

"चल म्हटलं ना!"

ओटीवर दुपारचं ऊन होतं. त्या उन्हात पोर हळदीसारखी पिवळी होती, डोळ्यांच्या पांढऱ्यापर्यंत. कोणत्याही बल्बची गरज नव्हती.

दोघांना एकाच रिक्षात घातलं. दवाखान्यात पोरीला काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं, नवऱ्याला प्लास्टर.

नंतर वायरमन आला. म्हणाला, बटण चुकीच्या वायरवर बसवलंय, बंद केलं तरी होल्डरात करंट राहतो, म्हणून तर बल्ब मिणमिणत होता. "काकी, हे वायरिंग केलं कोणी?"

मी प्लास्टरवाल्याकडे बोट दाखवलं.

नवऱ्याचं मनगट वाकडंच राहिलं. नात शाळेत जाते. दोघंही जगली.