ताईची शुगर

ताईला शुगर आहे हे फक्त मला ठाऊक होतं. मी गोंदियात शाळेत शिकवते; ती कामठ्याला, शेतीवाल्या मोठ्या घरात दिलेली. दर महिन्याला तिच्या गोळ्या मीच घेऊन जायचे. पाकीट फाडून गोळ्या ती हिंगाच्या रिकाम्या डबीत भरायची. मुलीचं लग्न जमवणं सुरू होतं. "मायले शुगर आहे म्हटलं का पाहुणे मांगं फिरतेत," ती म्हणायची. "कोणाले सांगू नको." सासूची भीती वेगळीच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आणि तिचे सासरे एकाच दिवशी दवाखान्यात भरती झाले. सासरे पंच्याहत्तरीचे, ताई सत्तेचाळीसची. सगळ्यांना घोर सासऱ्यांचा होता.

काउंटरवर नर्सने विचारलं, "पहले से कोई बीमारी? बीपी, शुगर?"

"कुछ नहीं," भाऊजी म्हणाले. खोटं नव्हतं ते. त्यांना माहीतच नव्हतं.

ताई खुर्चीत बसली होती, धाप लागलेली. तिने माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. मी गप्प राहिले. नर्सने कागदावर रेघ मारली आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "तहान लयच लागून रायली व. घसा कोरडा पडते."

"मी सांगते डॉक्टरला."

"नको. घरच्यायले समजन. दोन दिवसात येतोच ना घरी."

मी ऐकलं तिचं. मी शिकलेली बाई. ऑक्सिजन कमी झाला की स्टेरॉइड देतात आणि त्याने शुगर चढते, हे मला कळत नव्हतं. पण तहानेचा अर्थ कळत होता.

तिसऱ्या दिवशी ती फोनवर काहीबाही बरळायला लागली, तेव्हा मी धावत गेले आणि सांगितलं. वॉर्डात इतकी गर्दी की तोवर तिची शुगर कुणी तपासलीच नव्हती. तपासली, तर यंत्रावर आकडा येईना, नुसतं 'हाय' दिसत होतं. डॉक्टर माझ्याच शाळेतल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याएवढे असतील. ओरडले नाहीत.

"पहिल्या दिवशी कळलं असतं तर इन्सुलिन तेव्हाच सुरू केलं असतं."

"वाचली असती का?"

"ते सांगता येत नाही, मॅडम."

आठव्या दिवशी ताई गेली. सासरे दहाव्या दिवशी घरी आले आणि अंगणात खाट टाकायला लावून त्यांनी चहा मागितला. त्यांचा काय दोष? तरी मला त्यांच्याकडे बघवेना.

भाऊजींनी एकदाच विचारलं, "मले काऊन नाही सांगितलं तिनं?"

सांगता येईल असं घर ठेवलं होतं का तुम्ही, हे ओठांवर आलं होतं. पण न सांगणाऱ्यांत मीही होते.

सासू मात्र बोलत राहिली. "आमाले फसवलं तुमी बहिणींनी. बिमार पोरगी गळ्यात बांधली." शुगर ताईला लग्नानंतर वीस वर्षांनी झाली होती. भेटायला येणारे विचारायचे, "काही होतं का आधीपासून?" शुगर होती म्हटलं की त्यांचे चेहरे सैल व्हायचे, जणू शुगर होती म्हणजे ती जायचीच होती. स्वतःला काही नाही या हिशेबाने चहा पिऊन निघून जायचे.

पुढच्या वर्षी भाचीचं जमलं. मुलाकडचे बोलणी करायला आले, तेव्हा ताट वाढल्यावर मुलाच्या वडिलांनी खिशातून इन्सुलिनचं पेन काढलं, सगळ्यांदेखत सदरा वर करून पोटात टोचलं आणि म्हणाले, "दहा वर्षं झाली. भात जरा कमी वाढा."

ताईची सासू वाढत होती. हसून म्हणाली, "शुगरचं का घेऊन बसले, आजकाल घरोघरी रायते."

मी ताटावरून उठले. त्या घरी मी पुन्हा जेवले नाही, भाचीच्या लग्नातही नाही.