हनुवटीला हात

"हात लावू नका त्याला. तिथूनच सांगा."

बटूच्या काकांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. मंगल कार्यालयात स्पीकरवर सनई चालू होती, पलीकडं ताटं मांडत होते. आणि माझी दोन बोटं त्या पोराच्या हनुवटीखाली होती. आठ वर्षांचं पोरगं. नुकतीच मुंज लागलेली. डोक्याचा गोटा, मागं शेंडी, खांद्यावर उपरणं, हातात पळसाचा दंड. मी त्याचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडं जरासा वळवत होते.

काकांच्या हातात मोबाईल होता. मला ॲडव्हान्स पाठवायला त्यांनी माझ्या बॅगेवर चिकटवलेला क्यूआर कोड नुकताच स्कॅन केलेला. माझ्या कार्डावर नुसतं 'पौर्णिमा पोर्ट्रेट' छापलंय. आडनाव नाही. पण बँक कशाला लपवेल? बँकेला सगळं ठाऊक. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. काकांनी ते मोठ्यानं वाचलं. आडनावाशी आल्यावर थांबले. सोलापुरात आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. पैसे तेवढे पाठवले, मग माझ्या बोटांकडं बघितलं आणि ते वाक्य टाकलं.

माझा हात आपोआप मागं आला. मी सांगितलं नव्हतं त्याला. त्या हाताचा राग मला आजपण येतो.

पोराला परत आंघोळीला नेलं. त्याची आई माझ्याजवळ आली. कॉलेजात शिकवते ती बाई. मला ठरवायला माझ्या गाळ्यावर तीच आली होती, सकाळपासून ताई ताई करत होती. कानाशी येऊन हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नकोस हं. मी नाही मानत असलं काही. पण आज सोवळं आहे ना."

ताईची तू कधी झाले ते तिलाही कळलं नसेल. आणि सोवळं म्हणे. अर्ध्या तासापूर्वी पुण्याची मावशी आली, जीन्स घालून, चपला तशाच पायात, आणि आल्या आल्या त्याचे दोन्ही गाल धरून मुका घेतला. तेव्हा सोवळं कुठं गेलं होतं, जेवायला? हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "बरं मॅडम."

बरं मॅडम का म्हटलं, ते सांगते.

मी फोटो काढायला शिकले एका म्हाताऱ्या चाचांच्या स्टुडिओत. बी. कॉम. करून दोन वर्षं घरी बसले होते. आई टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते, तिच्या ओळखीनं चाचांकडं लागले. झाडलोट, प्रिंट कापणं, मग लाइट धरणं. चाचांनी मला एकच गोष्ट धड शिकवली. समोरच्या माणसाला डावीकडं बघा, मान वर करा असं सांगितलं की माणूस खांबासारखा ताठ होतो. ते म्हणायचे, "मुँह से नक्को बोल बेटी, उंगली से बोल." हनुवटीखाली दोन बोटं हलकी ठेवायची, चेहरा उजेडात आणायचा आणि सोडून द्यायचा. बोट लागलं की माणूस सैल पडतो. तेवढ्यात फोटो काढायचा. बाकी कॅमेरा काय, कुणीपण दाबतंय.

चाचा गेले. त्यांच्या पोरानं स्टुडिओ मोडून मोबाईलची कव्हरं विकायला घेतली. जुना कॅमेरा मी घेतला आणि शुक्रवार पेठेच्या कडेला एक गाळा धरला. मागचा पडदा आईनं कारखान्यातल्या कापडाचे तुकडे जोडून शिवला आणि मी राखाडी रंगात बुडवला. बाईमाणूस फोटोग्राफर म्हणून पेठेतल्या बाया लेकीबाळींना घेऊन यायला लागतील, असा माझा हिशोब. कार्ड छापायला निघाले तेव्हा आई म्हणाली, "आडनाव नगं टाकूस पोरी. पेठेतलं गिऱ्हाईक दारातनंच मागं जाईल." मी ऐकलं. पटलं नव्हतं, पण ऐकलं.

पहिले काही महिने माशा मारल्या. मग ही मुंज आली. पेठेत एका मुंजीचे फोटो चांगले आले की दहा घरांत नाव होतं. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, भाचीचं केळवण आहे, कॉलेजातल्या मैत्रिणी आहेत, सगळ्यांना तुमचं नाव देते. गाळा राहणार की जाणार, ते या एका दिवसावर होतं. म्हणून बरं मॅडम.

पोरगं आंघोळ करून आलं. कुडकुडत होतं. काकांनी सतरंजीच्या काठाकडं बोट केलं, याच्या अलीकडं यायचं नाही. मी सांगायचं आणि मॅडमनी त्याची हनुवटी वळवायची, असं ठरलं. माझ्याशिवायच ठरलं.

मी काढले तसे फोटो. काठाबाहेर उभी राहून. जरा डावीकडं मॅडम, जास्त झालं मॅडम, हात बाजूला घ्या मॅडम. पोराचा चेहरा आधार कार्डावरल्यासारखा झाला. सकाळी हेच पोरगं माझ्या मांडीला टेकून कॅमेऱ्यात बघत होतं, पडलेला दात दाखवून हसत होतं. माझ्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा आपल्या गळ्यात घालून फिरलं होतं. काका येण्याआधी मी त्याचे चार फोटो काढले होते. त्यातल्या एकात उजेड अर्ध्या तोंडावर, नजर खिडकीबाहेर, ओठ जरासे उघडे. मॅडमनी तो कॅमेऱ्यातच बघितला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तसला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

मग त्याचं उपरणं खांद्यावरनं घसरलं. माझा हात सवयीनं पुढं गेला.

पोरगं मागं सरलं.

"हात नको लावूस," ते म्हणालं. "मग मला परत आंघोळ करावी लागेल."

रागानं नाही म्हणालं. पाऊस येतोय, छत्री घे, असं सांगावं तसं म्हणालं. माझ्या भल्याचंच सांगतंय असं त्याला वाटत असणार. काकांचा मला राग आला होता. पोराचा येईना. राग आला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी पोराला पहिला मंत्र बापानं कानात दिला, कापड पांघरून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. दुसरा काकांनी दिला, सगळ्यांसमोर. तो दुसरा त्याला एका फटक्यात पाठ झाला.

आता हे पोरगं मोठं होणार. साहेब होणार, डॉक्टर होणार. मी नाही मानत असलं काही, असं म्हणणार. आणि मागं सरणार.

मी कॅमेरा गळ्यातनं काढला. बरोबर आणलेला राखाडी पडदा सोडला, घडी केली. मॅडम म्हणाल्या, अजून भिक्षावळ राहिलीय. काका म्हणाले, अर्धं काम टाकून जायची ही कुठली पद्धत. मी म्हटलं, हात न लावता काढणारा बघा कुणी, सोलापुरात मिळंल. वाघीण वगैरे काही झाले नव्हते मी, उगाच खोटं कशाला सांगू? आई काय म्हणेल, हेच डोक्यात होतं.

मॅडम जवळ आल्या. सतरंजीचा काठ ओलांडून माझ्या बाजूला आल्या, हे मी बघितलं. म्हणाल्या, सकाळचे ते चार तरी दे, फार सुंदर आलेत.

"ते हात लावून काढलेत मॅडम," मी म्हटलं. "भिंतीवर चालतील?"

उत्तर काकांनी दिलं. "फोटोला काय होतंय?"

म्हणजे माझा हात चालत नाही. हातानं केलेलं चालतं. टॉवेलला काठ आईच्या हातानं, तोच टॉवेल यांच्या सोवळ्यातल्या अंगाला. ते कुणी धुऊन घेत नाही.

मी त्यांच्यासमोर ते चारही फोटो पुसले. एकेक करून. शेवटचा तो खिडकीचा. बटण दाबताना बोट अडखळलं, मग दाबलं. ॲडव्हान्स तिथंच उभी राहून परत पाठवला. काकांच्या मोबाईलवर माझं नाव पुन्हा उमटलं, आडनावासकट.

पुढं काय झालं, ते काही गोड नाही. पेठेतल्या बायांच्या व्हॉट्सॲपवर गेलं, मुंजीच्या दिवशी पोराचे फोटो पुसून गेली, लई माजलीय. कशामुळं पुसले ते त्यात नव्हतं. केळवण आलं नाही, मैत्रिणी आल्या नाहीत. एका बाईनं आधी ठरवलेला दिवस फोनवर रद्द केला, कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. आता कॉलेजच्या फॉर्मचे पासपोर्ट फोटो काढते. वस्तीतलं कुणी गेलं की जुन्या फोटोचा मोठा करून देते. राखाडी पडद्यावर धूळ बसते.

आईनं दोन दिवस बोलणं टाकलं. मग म्हणाली, "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. तुला कळत न्हाय का? माज काय जेवू घालणार हाय व्हय तुला?" तिचं चुकत नाही. तिनं जन्मभर टाळी वाजवून मला शिकवलंय. आणि तो फोटो आठवला की माझापण जीव जळतो. पोरानं माझं काय वाईट केलं होतं? त्याच्या तोंडावरचा तो उजेड आता कुठंच नाही. कधी वाटतं, द्यायला हवा होता. मग ते मागं सरणं आठवतं.

गाळा टिकेल असं मला वाटत नाही. दिवाळीपर्यंत चालला तर लई झालं. पण बोर्ड बदलून घेतलाय. पूर्ण नाव. आडनाव सगळ्यात मोठ्या अक्षरात, रस्त्याच्या पलीकडनं वाचता येईल असं. आईनं बघितलं, मान फिरवली आणि कारखान्यात गेली.

गाळ्यातला क्यूआर कोड काउंटरवरनं काढला आणि बाहेर दारावर चिकटवला. आधी तो स्कॅन करा. माझं नाव नीट वाचा, बापाचंही वाचा. आंघोळ करावी लागणार असेल तर तिथूनच मागं फिरा. आत आलात तर खुर्चीवर बसा. हनुवटीला हात लावणार मी.