साखर वेगळी

नवं फ्रेमवर्क उघडलं, की भाऊ दोन्ही हात पाठीमागे बांधून स्क्रीनसमोर उभे राहायचे. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. त्यात बऱ्याच गोष्टी आधीच ठरवून दिलेल्या असतात. आपण काहीच सांगितलं नाही, तर त्या तशाच चालतात. आमचे हात त्या बदलायला शिवशिवत असायचे. भाऊ म्हणायचे, "पाहा, पण हात नोको लावू."

चंद्रपुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात ते सगळ्यांत मोठे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. रोज त्याचा वैताग येतो आणि तो सुट्टीवर गेला की धडकी भरते.

टपरीवरून आमचा चहा गोडमिट्ट यायचा. भाऊंनी साखर वेगळी पाठवायला लावली. मी कुरकुरलो.

"अरे, पाहिजे त्याले घालता येते. घातलेली काढून दाखव बरं!"

वेबसाइटचंही तेच. कोणी नाव नोंदवलं, तर त्याचा फोन नंबर आपोआप झाकलेला हवा. "झाकलेलं उघडता येते. उघडं पडलं का पडलं."

मग ब्रह्मपुरीजवळच्या एका गावातल्या मासेमार बायकांची साइट आम्ही केली. सकाळी काय मासळी निघाली ते त्या तलावाच्या पाळीवरूनच, म्हणजे बांधावरूनच, फोनवर टाकायच्या आणि गिऱ्हाइकं मागवायची. पण फोन जरा वेळ तसाच पडला, की साइट त्यांना बाहेर काढून पुन्हा पासवर्ड मागायची. सुरक्षेसाठी ते फ्रेमवर्कमध्येच ठरलेलं होतं. त्यांच्या प्रमुख बाई फोनवर कडाडल्या, "ते कुलूप काढून टाका, भाऊ. नाई त आम्ही आपले व्यापाऱ्यालेच देतो, तो देईन त्या भावात."

मला वाटलं, आता पुन्हा हात पाठीमागे. पण ते म्हणाले, "पाहून येऊ," आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन जीपमध्ये दाटीवाटीनं बसले.

पाळीवर त्यांनी सकाळभर नुसतं पाहिलं. बायका जाळ्यातून मासे सोडवत होत्या, खवल्यांनी माखलेले हात लुगड्याला पुसून फोन घेईपर्यंत साइट बंद. तिकडे गिऱ्हाईक कंटाळून जायचं, इकडे टोपलीत मासे उड्या मारायचे.

"कुलूप राहू द्या, बाई," भाऊ शेवटी म्हणाले. "फोन पाळीवर पडून राह्यते, कोणीबी उचलीन. पण बाजार उठेपर्यंत ते तुमाले बाहेर नाई काढणार."

"एवढंच होतं त इथवर काऊन आलात?"

"तुमचे हात पाह्याचे होते."

ऑफिसात येऊन त्यांनी कोडमधली वेळेची ती एकच ओळ बदलली आणि तिच्यावर टीप लिहिली, 'हात ओले असतात.' बाकी सगळं होतं तसंच. बायका पुन्हा व्यापाऱ्याकडे गेल्या नाहीत. मला भाऊंचा फार अभिमान वाटला.

गेल्या वर्षी भाऊ कायमचे नागपूरला मुलीकडे गेले. परवा त्या बाई डब्यात मरळ मासा घेऊन ऑफिसात हजर.

"भाऊ कुठी हायेत?"

मी सांगितलं. त्या हिरमुसल्या. "साइट मस्त चालू हाये म्हणून सांगजा त्याहिले," म्हणाल्या आणि टेकल्या. चहा आला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे काय, फिक्काच?"

आमच्याकडे नुकतीच कामाला लागलेली मुलगी हसली आणि तिनं वाटी पुढे सरकवली.

"साखर वेगळी, बाई. आपल्या इथी असंच असते."

तिनं भाऊंना कधी पाहिलेलंही नाही.