संध्याकाळचं इंजिन

निजामाच्या राज्यात जालन्याच्या पॉवर हाऊसमध्ये तेलावरची दोन इंजिनं होती. थोरलं दिवसभर चाले. धाकटं फक्त संध्याकाळी लागे. जुन्या-नव्या जालन्यातले दिवे एकदम लागले आणि कापसाची जिनिंगही चालू असली, की थोरल्याला एकट्याला तो भार झेपत नसे. धाकटं माझ्या नवऱ्याच्या हाताखाली होतं. "दाजी दिवसातून तीन तास कामाला," असं माझा भाऊ चिडवायचा. पण त्या तीन तासांत गाव उजेडात राहणार की अंधारात, हे त्यांच्यावरच असे.

धाकटं सुरू व्हायला वेळ घेई, आणि मीटरचा काटा सांगेपर्यंत उशीर होई. म्हणून हे थोरल्याच्या आवाजाकडे लक्ष ठेवत. आवाज जड झाला की उठत.

एका दुपारी मी मागून तीनदा हाक मारली, तरी ते वळले नाहीत. इंजिनांनी कान नेले होते. पॉवर हाऊसच्या साहेबाला कळलं असतं तर काम गेलं असतं, आणि त्या इंजिनावर त्यांचा किती जीव होता हे मला चांगलं ठाऊक होतं. सवतच होती ती माझी.

मी ते कुणाच्या कानावर जाऊ दिलं नाही. आमची खोली आवारातच होती. दिवेलागणीला चुलीवर चहा ठेवून मी कान देऊन बसे. थोरलं जड झालं की कप घेऊन पळे. ते थोरल्याच्या दगडी चौथऱ्याला पाठ लावून बसलेले असत. मला पाहिलं की उठून धाकटं चालू करत, आणि चहा निवून जाई. दोन वर्षं अशी गेली. जालन्याचे दिवे माझ्या चहावर चालतात, असा तोरा होता मला.

मग पहिल्या बाळंतपणाला वडीगोद्रीला, माहेरी जायची वेळ आली. आता यांचं कसं होणार, हीच काळजी मला लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांचा हात धरून चौथऱ्यावर टेकवला. भार वाढला तसा दगड थरथरू लागला. बघा, अशी मी खूण केली.

ते हसले. "मला ठावं हाय. कान गेल्यापासून पाठीनंच ऐकून राह्यलो."

मी कानाशी तोंड नेऊन रागानं विचारलं, "मंग इतके दिस बोलले का न्हाई?"

"बोललो असतो, तर तू रोज आली असतीस का?"